नावाअखेरचा ‘जी’

मागच्या वेळी आपण आडनावांपाशी थांबलो होतो. आज नावाकडे वळू, आणि तेही नावाच्या शेवटच्या अक्षराकडे. बाबाजी, मालोजी, विठोजी, शहाजी, शरीफजी, संभाजी, शिवाजी. एकाच भोसले घराण्यातल्या चार पिढ्यांतले हे पुरुष, आणि प्रत्येकाच्या नावाअखेर ‘जी’. ही नावे आपण इतक्या वेळा उच्चारतो की त्यांना जोड आहे हेच विसरून जातो.

जोड आहे याचा पुरावा घराण्यातच सापडतो. शिवाजी महाराजांची संस्कृत राजमुद्रा आठवून बघा. तिच्यात वडिलांचे नाव ‘शाह’ आणि मुलाचे ‘शिव’ एवढेच आहे. तांब्याच्या शिवराईवरही ‘श्री राजा शिव’ असेच आहे. संस्कृतात लिहायची वेळ आली किंवा नाण्यावर जागा कमी पडली की ‘जी’ गळतो, नाव उरते. मात्र मराठी पत्रांत तो पुष्कळदा टिकतो. तिथे तो नावात मुरलेला आहे.

हा ‘जी’ आला कुठून? ‘जीव’ म्हणजे ‘चिरंजीव असा’ या आशीर्वादातून, असे एक मत. ‘आर्य’ शब्दाच्या प्राकृत ‘अज्ज’ रूपातून, असे दुसरे. पहिले आम्हाला जवळचे वाटते. ज्ञानेश्वरीत श्रोता गुरूला किंवा अर्जुन कृष्णाला ‘जी’ म्हणतो तेव्हा तो संबोधनाचाच शब्द असतो, हिंदीत आजही असतो तसा. म्हणजे एखाद्याला आदराने हाक मारता मारता ती हाकच त्याचे नाव होऊन बसली. मुलगा पाळण्यात आहे, अजून काहीच केलेले नाही, आणि आदर मात्र आधीच लावून ठेवलेला!

आता ‘जी’च्या आधी काय आहे ते पाहू, कारण खरा इतिहास तिथे आहे. पुष्कळदा तिथे देव असतो. खंडोजीत खंडोबा, कान्होजीत कान्हा, दत्ताजीत दत्त, तुकोजीत तुकाई. महादजी म्हणजे महादेव. बहिर्जीत भैरव आहे, ज्योत्याजीत जोतिबा. काही ठिकाणी गुण किंवा धन आहे: येसाजीत यश, धनाजीत धन, हिरोजीत हिरा. आणि शहाजी-शरीफजी? शिवभारतात परमानंद सांगतो की मालोजींना मुले झाली ती शाह शरीफ या नगरच्या पिराच्या कृपेने, म्हणून त्यांनी दोघांना त्याचे नाव वाटून दिले. पिराचे नाव आणि मराठी ‘जी’, असा हा सांधा आहे. त्या काळच्या कुणाला त्यात वावगे वाटले नाही, हे आज मुद्दाम सांगावे लागते. फिरंगोजी नरसाळ्यांच्या नावात तर फिरंगीच बसलेला आहे.

सर्वांत बोलकी नावे मात्र वेगळीच. कोंडाजी, धोंडोजी, केरोजी. कोंडा, धोंडा आणि केर! मुले जगत नसत त्या घरात नव्या मुलाला टाकाऊ वस्तूचे नाव देत, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये. 1673 मध्ये पन्हाळा घेणाऱ्या कोंडाजी फर्जंदांचे नाव ऐकताना आपल्याला पराक्रम आठवतो. त्या नावामागे एखाद्या आईची धास्तीही असू शकते. आणि गंमत बघा, कोंड्यालाही ‘जी’ लावायचाच.

जॉन स्टुअर्ट मिल 1843 च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात म्हणतो की विशेषनाम केवळ निर्देश करते, गुण सांगत नाही. डार्ट नदीच्या मुखावरचे गाव म्हणून डार्टमथ. पण नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव बदलणार नाही. आम्ही हे वर्षानुवर्षे शिकवले. गावांपुरते ते ठीक आहे. पण मिलला महाराष्ट्रातल्या एखाद्या गावाच्या चावडीवर बसवायला हवे होते. इथे नावाचे शेवटचे अक्षर माणसाची पायरी सांगत होते. रामजी, रामा, राम्या. माणूस तोच, शेवट बदलला की त्याने ओट्यावर बसायचे की अंगणात उभे राहायचे ते ठरले.

आणि आणखी एक शेवट होता, ‘नाक’. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची 49 नावे कोरलेली आहेत. त्यांतली 22 ‘नाक’ने संपतात. हा महार समाजातल्या पुरुषांच्या नावाचा शेवट. ‘नाक’ हे ‘नायक’चेच रूप, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे मुळात तोही मानाचाच शब्द! रामनाक आणि रामजी यांच्यातला राम एकच. पण एका प्रत्ययाने माणूस सरदारांच्या पंगतीतला वाटे, दुसऱ्याने गावकुसाबाहेरचा ठरे. शब्दाचा अर्थ काय आहे, यापेक्षा तो कुणाला लावला जातो यावर त्याची किंमत ठरली.

म्हणून आम्हाला एक नाव फार महत्त्वाचे वाटते. 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत ज्यांच्या घरी भीमराव जन्मले, त्या सुभेदारांचे नाव रामजी मालोजी सकपाळ. घराणे कोकणातल्या आंबडव्याचे. आजोबाही लष्करात होते आणि त्यांचे नाव मालोजी, म्हणजे वेरूळच्या भोसल्यांचेच नाव. इथे ‘नाक’ नाही. गावाच्या वहीत नाव गावकामगार लिहितो, पलटणीच्या हजेरीपटावर शिपाई स्वतःचे नाव सांगतो. लष्कराने अस्पृश्यता मिटवली असे आम्ही म्हणणार नाही, पण नाव सांगायची एक वेगळी जागा मिळाली, एवढे नक्की.

हा ‘जी’ केवळ मराठ्यांचा होता असेही नाही. पेशवे बाळाजी, चिटणीस बाळाजी आवजी, मुंबईचे पारशी जमशेटजी. दादाभाई नौरोजींच्या वडिलांच्या नावात तर नवरोजचा सणच आहे.

विसाव्या शतकात शहरांत हे शेवट मागे पडले. आमच्या विद्यार्थ्यांच्या यादीत सुरेश, रमेश, महेश, गणेश असे सगळे ‘श’ने संपणारे; ‘ईश’ म्हणजे स्वामी, तेव्हा मान राहिलाच, फक्त तो संस्कृतातून आला. शिवाजी, संभाजी, तानाजी टिकले ते इतिहासाच्या बळावर. पिलाजी, हिरोजी गेले. रामजीचा रामचंद्र झाला.

स्त्रियांच्या नावांना हा ‘जी’ का लागला नाही, तिथे ‘आई’, ‘आऊ’ आणि ‘बाई’ कसे आले, हा प्रश्न मघाशी एका ताईंनी चिठ्ठीवर लिहून पाठवला आहे. त्याला पुरते एक व्याख्यान लागेल. ते पुढच्या वेळी घेऊ.