नाटकांतील क्लिओपात्रा आणि इतिहासांतील राणी

शेक्सपिअरचें ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ हें नाटक वर्गांत शिकवूं लागलों म्हणजे आम्हांस नेहमीं एक संकोच वाटतो. नाटक थोर आहे यांत शंका नाहीं. पण पुस्तक मिटल्यावर विद्यार्थ्यांच्या मनांत जी मोहिनी उरते, तिनें ईजिप्तचें राज्य २१ वर्षें चालविलें होतें याचें भान कोणासच राहत नाहीं. शेक्सपिअरनें कथा घेतली ती प्लूटार्कच्या १५७९ सालच्या इंग्रजी भाषांतरांतून. आणि खुद्द प्लूटार्कनें ती लिहिली राणीच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं. त्यापूर्वीं रोमन कवींनीं तिची निंदा केली ती विजयी ऑक्टेव्हियनच्या छत्राखालीं बसून. पराभूताची बखर विजेत्याच्या आश्रितांनीं लिहावी आणि आपण ती प्रमाण मानावी, असा हा प्रकार आहे.

प्लूटार्क मात्र त्यांतल्या त्यांत प्रामाणिक. राणीचें रूप अतुलनीय नव्हतें, मोहिनी होती ती तिच्या वाणींत, असें तो स्पष्ट सांगतो. हिब्रू, अरब, सीरियन, पार्थियन इत्यादि लोकांशीं ती दुभाष्यावांचून बोले. टॉलेमी घराणें मूळचें मॅसिडोनियन, अलेक्झांडरच्या एका सेनापतीनें स्थापिलेलें. तिच्या पूर्वजांनीं अडीचशें वर्षें ईजिप्तवर राज्य केलें, पण ईजिप्शियन भाषा शिकण्याची तसदी घेतली नाहीं. ती घेतली हिनें. रयतेची भाषा न शिकतां रयतेवर राज्य करणें हा प्रकार आमच्या देशाच्याहि चांगला परिचयाचा आहे.

इ. स. पू. ५१ मध्यें, सुमारें १८ वर्षांची असतां, ती धाकट्या भावासह गादीवर बसली. बापानें गमावलेलें राज्य रोमन सैन्याच्या बळावर परत मिळविलें होतें व त्यापायीं १०,००० टॅलेंटची बोली केली होती. कर्ज डोक्यावर, आणि अशांतच नाइलला पूर कमी आला. इ. स. पू. ५० चा एक राजशासनाचा कागद आज उपलब्ध आहे : धान्य अलेक्झांड्रियावांचून अन्यत्र नेणाऱ्यास देहान्त शिक्षा! पुढें भावाच्या पक्षानें हांकलून दिल्यावर ती अंथरुणाच्या वळकटींतून सीझरकडे गेली, ही गोष्ट सर्वांस पाठ असते (चित्रकारांनीं त्या वळकटीचा गालिचा केला आहे). आम्हांस तो रुक्ष हुकूम अधिक बोलका वाटतो.

सीझर आणि अँटनी यांच्याशीं तिचें जें नातें जडलें त्यांत प्रेम किती व राजकारण किती, हें मोजण्याचें माप आमच्याजवळ नाहीं. सीरिया रोमनें इ. स. पू. ६४ मध्येंच गिळला होता. राज्य टिकवावयाचें तर रोममधील कोणा तरी प्रबळाचा हात धरणें भागच होतें. तिला साध्वी ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. बहिणीचा जीव तिनें अँटनीकडून घेवविला. पण तिचा दरबार केवळ विलासाचा नव्हता. इ. स. पू. ३३ चें तिचें एक आज्ञापत्र ममीच्या वेष्टणांतून निघालें. एका रोमन सरदारास दरसाल १०,००० आर्ताबा गहूं जकातीवांचून बाहेर नेण्याची त्यांत सवलत आहे. खालीं ‘असें व्हावें’ या अर्थाचा एकच ग्रीक शब्द निराळ्या हातानें लिहिलेला आहे. तो राणीचाच हस्ताक्षर असावा असें कित्येक विद्वानांचें मत आहे. अँटनीच्या पक्षाचीं माणसें ती कशीं बांधून ठेवी, तें या कागदावरून समजतें.

इ. स. पू. ३१ मध्यें अ‍ॅक्टियमला तिचा डाव मोडला. पुढल्या वर्षीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं तिनें प्राणत्याग केला. ईजिप्तचा खजिना रोमला पोंचतांच तेथील व्याजाचा दर शेंकडा १२ वरून ४ वर उतरला. तिच्यावरील रोमच्या रोषाचें एक कारण या आंकड्यांत दिसतें.

नाटकांत ज्याला जागा मिळाली नाहीं असा एक प्रसंग आम्हांस विशेष चटका लावतो. शेवट जवळ आला असें पाहून राणीनें सीझरपासून झालेल्या सुमारें १७ वर्षांच्या मुलास पुष्कळ द्रव्य देऊन इथिओपियाच्या मार्गें हिंदुस्थानाकडे रवाना केलें. रोमचा हात जेथें पोंचत नाहीं असा देश तिनें आमचा मानला होता. परंतु वाटेंत त्याच्या शिक्षकानेंच त्याला, ऑक्टेव्हियन तुला राज्य देणार आहे, असें सांगून मागें फिरविलें. मुलगा परतला आणि मारला गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्ट्रॅबो ईजिप्तमध्यें गेला, तेव्हां तांबड्या समुद्रावरील एका बंदरांतून हिंदुस्थानाकडे १२० जहाजें जात असल्याचें त्यास कळलें.