भोवळ आणि तिचा उतारा

अंथरुणावर नुसती कूस बदलतांच सारें घर गरगर फिरूं लागावें, आणि क्षणभरानें पुन्हां सर्व कांहीं जागच्या जागीं यावें, असा अनुभव पुष्कळांस येतो. त्यास कोणी पित्ताची भोवळ म्हणतो, कोणी अशक्तपणाची घेरी. परंतु या भोवळीचें मूळ बहुधा कानांत असतें.

कानाच्या अंतर्भागीं तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें वळलें कीं द्रव हालतो व त्या गतीची वार्ता मेंदूस पोंचते. शेजारच्या कोशांत चुन्याच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात. ते सुटून नलिकेंत शिरले म्हणजे डोकें वळून स्थिरावल्यावरही द्रवास हालवितात, आणि मेंदूस खोटी वार्ता मिळते.

व्हिएन्ना येथील रॉबर्ट बारानी यांस या इंद्रियाच्या संशोधनाबद्दल १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ती वार्ता त्यांस रशियांतील युद्धकैदेंत कळली. १९२१ सालीं त्यांनीं या भोवळीचें वर्णन केलें. १९५२ सालीं इंग्लंडांत डिक्स व हॉलपाइक यांनीं रोग्यास झटकन् आडवें करून ती ओळखण्याची रीत सांगितली. निदान झालें, पण उपाय सांपडेना. हट्टी दुखण्यांत मज्जातंतु कापण्यापर्यंत मजल गेली.

अमेरिकेंतील पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली यांनीं निराळा विचार केला. कण ज्या वाटेनें शिरले, त्याच वाटेनें ते बाहेर कां काढूं नयेत? ज्या कानांत दोष, त्या बाजूस डोकें ४५ अंश वळवून रोग्यास उताणें निजवावें व मान किंचित् खालीं सोडावी. मग डोकें दुसऱ्या बाजूस ९० अंश वळवावें. नंतर अंगासह आणखी तितकेंच वळवून शेवटीं उठवून बसवावें. प्रत्येक स्थितींत थोडें थांबावें. कण आपल्याच भारानें घरंगळत मूळ कोशांत परततात. औषध नाहीं, शस्त्र नाहीं!

१९८० सालीं ही कृति मांडली, तेव्हां पुष्कळ व्यवसायबंधूंनीं तिचा उपहासच केला. त्यांचा लेख छापून यावयास १९९२ साल उजाडलें. त्याच वर्षीं शस्त्रक्रियेच्या वेळीं नलिकेंत ते कण प्रत्यक्ष पाहिल्याचेंही प्रसिद्ध झालें. आज हाच या विकारावरील पहिला उपाय मानला जातो. मात्र प्रत्येक भोवळ या जातीची नसते. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावें.

उपाय हाताशीं असतां त्या बारा वर्षांत किती जण भिंत धरून चालले असतील, याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. सोपें तें खोटेंच असावें, हा शहाण्यांचा ग्रह भोवळीहूनही दुर्धर ठरला.