त्रोपिकालिया

ब्राझीलमध्ये १९६७-६८ मध्ये बहरलेली संगीत, दृश्यकला व काव्य यांतील प्रयोगशील चळवळ. सायकेडेलिक, म्हणजे जाणिवेच्या नित्याच्या चौकटी सैल करून रंग-नादाचा विलक्षण अनुभव देऊ पाहणारी कला त्या देशात रुजली, ती मुख्यतः या चळवळीमुळे.

चळवळीचे नाव दृश्यकलावंत एलियो ओइतिसिका याच्या कलाकृतीवरून आले. एप्रिल १९६७ मध्ये रिओ दी जानेरोच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याने वाळू, खडी, झाडे व जिवंत पोपट यांच्यामध्ये झोपडवस्तीची आठवण देणाऱ्या खोल्या उभारल्या. त्यांतील एका अंधाऱ्या वाटेच्या टोकाला प्रेक्षकाला चालू दूरचित्रवाणी संच सामोरा येई.

संगीतात तेव्हा इलेक्ट्रिक गिटार हे परकीय आक्रमण मानले जात होते. तिच्याविरुद्ध साओ पाउलोत जुलै १९६७ मध्ये मोर्चा निघाला आणि त्यात गायक-गीतकार जिल्बेर्तो जिलही होता. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दूरचित्रवाणीवरील गीतमहोत्सवात, त्याने कापोएरा या युद्धनृत्याचे एकतारी वाद्य बेरिंबाउ, वाद्यवृंद व इलेक्ट्रिक गिटार एकाच गीतात आणली. परकीय ते गिळून, पचवून स्वतःचे करावे, हा कवी ओस्वाल्द दे आंद्रादे याच्या १९२८ च्या ‘नरभक्षक जाहीरनाम्या’तील विचार चळवळीतील कलावंतांनी प्रत्यक्षात आचरला. म्हणूनच त्यांच्या संगीताला पाश्चात्त्य रॉकचे अनुकरण म्हणणे अन्यायाचे ठरते.

जिलला साथ देणाऱ्या ‘ओस मुतांतिस’ या रॉक-गटातील दोघा भावांचा थोरला भाऊ क्लाउदिओ सेझार गिटारी व ध्वनिपरिणामांची यंत्रे घरीच बनवी, तर गटातील गायिका रिटा ली हिने १९६८ च्या एका ध्वनिमुद्रणात झांजेऐवजी कीटकनाशकाचा फवारा वापरला. पिचकारीच्या त्या फुसफुशीवर गाण्याची लय चालते.

देशातील लष्करी राजवटीने १३ डिसेंबर १९६८ रोजी नागरी हक्क गोठवल्यावर जिल व त्याचा सहकारी गायक कायतानो व्हेलोसो यांना अटक झाली आणि पुढे १९७२ पर्यंत त्यांना लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहावे लागले. तरी सायकेडेलिक कलेचा हा प्रवाह आटला नाही. गायक राउल सेशास याचे भगवद्गीतेवरून स्फुरलेले ‘गीता’ (१९७४) हे गीत मराठी वाचकाला विभूतियोगाची आठवण करून देते. ईशान्येकडील रेसिफे शहरातून संगीतकार लुला कोर्तिस व झे रमाल्यो यांचा ‘पाएबिरू’ (१९७५) हा तबकडीसंच निघाला. त्याच भागातील इंगा येथील प्राचीन शिलाकोरीवांवरून सुचलेल्या या संचाच्या चार बाजू पृथ्वी, वायू, अग्नी व जल यांना वाहिलेल्या आहेत. त्याच वर्षी रेसिफेच्या महापुरात तबकड्यांचा कारखाना बुडाला व बहुतेक प्रती नष्ट झाल्या.