हजेरी बंद झाली, झडती चालूच आहे

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या कामातल्या एका पारधी ताईंबरोबर मी कोल्हापुरातल्या एका मोठ्या दुकानात गेले होते. त्यांच्या मुलीला शाळेचे बूट घ्यायचे होते. दारात सुरक्षारक्षक होता, पंचविशीचा पोरगा. मोबाईलच्या कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो. मला बघून "जयभीम ताई" म्हणाला. माझ्या खांद्याला भली मोठी बॅग होती. त्यात काय आहे हे त्याने विचारलंही नाही. माझ्या मागून ताई आत येऊ लागल्या तसा त्याचा आवाज बदलला. "ए, थांब. पिशवी ओत हितं."

ताईंनी पिशवी ओतली. फडक्यात बांधलेली भाकरी, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि मापासाठी आणलेला मुलीचा जुना एक बूट. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. मी वळून विचारलं तेव्हा तो पोरगा ओशाळला. "ताई, तुमाला न्हवं ओ. ह्या बायका कशा असतात ठावं हाय न्हवं तुमाला."

सुरक्षातपासणी नको असं मी म्हणत नाही. भीमा कोरेगावला १ जानेवारीला आपल्याही पिशव्या तपासल्या जातात आणि २०१८ नंतर ती तपासणी का लागते हे आपल्याला नीट माहीत आहे. चैत्यभूमीच्या रांगेत समता सैनिक दलाची पोरं माणसांना थांबवतात, पुढे सोडतात, त्याचा कुणाला अपमान वाटत नाही. मुद्दा कुणाला थांबवलं, कुणाला सोडलं आणि थांबवताना 'अहो' म्हटलं की 'ए' म्हटलं, हा आहे. हे वरवरच्या शिष्टाचाराचं प्रकरण नाही. त्याला इतिहास आहे आणि तो कोल्हापूरचा आहे, आपल्या घरातला आहे.

२६ जूनला आपण दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालतो. भाषणांत १९०२ चं आरक्षण येतं, वसतिगृहं येतात, माणगाव परिषद येते. १९१८ साली महाराजांनी हजेरी बंद केली, हे एखाद्या वाक्यात उरकलं जातं. ही हजेरी म्हणजे काय हे आजच्या पोरांना विचारा. शाळेतली हजेरी आठवते त्यांना.

ही हजेरी वेगळी होती. कोर्टात कुठलाही गुन्हा शाबीत झालेला नसताना, केवळ अमक्या जातीत जन्म झाला म्हणून माणसाने ठरलेल्या वेळी गावच्या अधिकाऱ्यापुढे जाऊन उभं राहायचं आणि 'मी इथंच आहे, पळालो नाही' हे दाखवायचं. चोरी कुठंही होवो, पहिला संशय ठरलेला. ब्रिटिश मुलुखात याला कायद्याचं रूप १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टने दिलं. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यासह सगळीकडे. जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, माणसांची नोंद करायची, बोटांचे ठसे घ्यायचे, गाव सोडायचं तर परवाना काढायला लावायचा. पुढे सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. कुंपणाच्या आत बायकापोरांसकट वस्ती आणि दिवसाची मोजणी. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'कलंक' ही संकल्पना परदेशी विचारवंतांच्या नावाने शिकवली. उदाहरण मात्र दोनशे-अडीचशे किलोमीटरवर सोलापुरात होतं.

कोल्हापूर संस्थानात महाराजांनी ज्यांची हजेरी बंद केली त्या जाती कोणत्या? महार, मांग, रामोशी आणि बेरड. पुन्हा वाचा. पहिलं नाव कुणाचं आहे?

आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की गुन्हेगार जमात म्हणजे दुसरे कुणीतरी. पारधी, कैकाडी, कंजारभाट. 'आपण अस्पृश्य होतो, पण चोर नव्हतो' असा एक छुपा अभिमानही मी बैठकांत ऐकलाय. या संस्थानात आपले पणजोबाही संशयित म्हणूनच उभे केले जात होते. आज त्या चार जाती सरकारी कागदावर दोन यादींत विभागल्या गेल्यात. महार, मांग अनुसूचित जातींत, रामोशी आणि बेरड विमुक्त जातींत. यादी बदलली की नातंही तुटतं, असं काहीतरी आपल्या डोक्यात बसलंय.

महाराज नुसती हजेरी बंद करून थांबले नाहीत. ज्या फासेपारध्यांना बघून गाव दार लावून घ्यायचं, त्यांना त्यांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीच्या कॅम्पवर आसरा दिला आणि पहाऱ्याचं काम दिलं. दरबारातल्या लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. राजा रात्री झोपणार आणि पहाऱ्याला कोण, तर ज्यांच्यापासून संरक्षण हवं असं सगळे म्हणत होते तेच. संशयाला यापेक्षा सणसणीत उत्तर मला तरी दुसरं माहीत नाही. आज सुरक्षेवर व्याख्यानं देणाऱ्या तज्ज्ञांनी सोनतळीचा अभ्यास करावा. करणार नाहीत, ते सोडा.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांच्या आठवणींच्या छोट्या पुस्तकाचं नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. नावातच दार आहे, परवानगी आहे, ताटकळणं आहे. त्यातला १९०१ चा मसूर स्टेशनचा प्रसंग आपल्याला पाठ असतो. कोल्हापूर-पुणे गाडीने जाताना आजही मसूर लागतं. भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांकडे कोरेगावला निघालेली. चांगले कपडे घातलेली पोरं फलाटावर ताटकळत उभी आहेत हे बघून स्टेशनमास्तर मायेने चौकशी करतो. त्याला ती ब्राह्मणांची मुलं वाटली होती. आपण महार आहोत हे भीमरावांच्या तोंडून निघून गेलं आणि मास्तरचा चेहरा पालटला. आपण या प्रसंगाकडे फक्त क्रौर्य म्हणून बघतो. मला त्यातला आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या माणसाला सभ्यपणा येत होता. शिकवायची गरज नव्हती. तो कुणाशी वापरायचा, एवढंच त्याने जातीवरून ठरवलं होतं. 'कर्मचाऱ्यांना सौजन्याचं प्रशिक्षण द्या' अशी मागणी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरा प्रसंग दौलताबादचा, १९३४ चा. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह किल्ला बघायला गेले. दाराजवळच्या हौदातल्या पाण्याने काहींनी तोंड धुतलं. हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, आणि तो करणारे मुसलमान होते. जातीची लागण धर्म ओलांडून कशी जाते ते बाबासाहेबांनी मुद्दाम नोंदवलं. शेवटी आत सोडलं ते एका अटीवर, किल्ल्यात कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि अट पाळली जाते की नाही हे बघायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस किल्ला बघतोय आणि मागे बंदूक घेऊन पाण्याची राखण चाललीय! कुणाच्या सुरक्षेसाठी होता तो शिपाई?

बाबासाहेबांना गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा प्रश्न परका नव्हता. १९२८ च्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. समितीचा अध्यक्ष स्टार्ट हा मुंबई इलाख्यातल्या याच सेटलमेंटचा कारभार पाहिलेला अधिकारी. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिघांना एकत्र ठेवून हिंदू संस्कृतीला जाब विचारला. त्यांनी एकत्र ठेवलेलं आपण वेगळं करत बसलोय.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. जमातीऐवजी व्यक्ती लिहिली, पण वहीतली नावं त्याच पालांवरची. लक्ष्मण मानेंचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलंय त्यांना हे सांगायला नको. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला दोनदा यावर बोलावं लागलं. मे महिन्यात, मागास आणि गरीब समाजातल्या निरपराध माणसांची नावं पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये सवयीने चढवू नका म्हणून. आणि ऑक्टोबरमध्ये सुकन्या शांता खटल्यात, तुरुंगाच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवून. विमुक्त जमातींचा माणूस म्हणजे सराईत गुन्हेगार, हे समीकरण त्या नियमावल्यांत २०२४ पर्यंत जिवंत होतं!

उलट बाजूही बघा. २००९ साली दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती अब्दुल कलामांची झडती घेतली, तेव्हा संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. त्याच वर्षी शाहरुख खानला अमेरिकेतल्या नेवार्कला थांबवून ठेवलं तेव्हाही देश चिडला. चिडायलाच हवं होतं. पण नावावरून, चेहऱ्यावरून थांबवणं अपमानास्पद असतं हे ज्या समाजाला नेवार्कमधलं कळतं, त्याला आपल्या एसटी स्टँडवरचं का कळत नाही?

कायदा म्हणाल तर थोडकं सांगते, कारण प्रत्येक वस्तीत हे ठाऊक असलं पाहिजे. बाईची झडती बाईनेच घ्यायची, तीही सभ्यता राखून. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ५१ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४९ आहे. खासगी सुरक्षारक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. तो विनंती करू शकतो, जबरदस्तीने पिशवी ओतायला लावू शकत नाही. आणि दुकानात जाताना जातीवरून आडकाठी नको, हे संविधानाचं कलम १५ सांगतं.

दुकानातून निघताना मी त्या पोराशी बोलले. बारा तासांची ड्युटी, बसायला स्टूल नाही, चोरी झाली तर त्याच्या पगारातून कापून घेतात. 'कुणावर नजर ठेवायची' हे त्याला सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यालाही आत जाताना आणि बाहेर पडताना रोज झडती द्यावी लागते. "आमचीबी बॅग ओतत्यात ताई," म्हणाला. मी त्याला विचारलं, ओतायला सांगताना तुला काय म्हणतात? तो जरा थांबला. "ए म्हणत्यात."

तो दोषी नाही असं मी म्हणणार नाही. मोबाईलवर बाबासाहेब लावून त्याने एका बाईला तिच्या लेकीसमोर भाकरी ओतायला लावली. पण त्याला हजेरीची गोष्ट कुणी सांगितली नव्हती, आणि सांगायचं काम आपलं होतं. मीही इतकी वर्षं जयंतीच्या भाषणात १९१८ एका वाक्यात उरकत आले.

ताई त्या दुकानात परत गेल्या नाहीत. बूट बाजारातून घेतले, एक नंबर मोठे. येत्या ३१ ऑगस्टला आमच्या विहारात हजेरी या विषयावर बैठक ठेवलीय. वस्तीवरच्या बायका येणार आहेत, बोलणारही त्याच आहेत. त्या पोरालाही सांगितलंय. सुट्टी मिळाली तर येतो म्हणाला.