सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीचें श्रद्धातत्त्व

एखाद्या धर्मसंप्रदायाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्याच्या शाळा, दवाखाने, अनाथाश्रम व अनुयायी यांची मोजदाद करावयाची, असा आपल्याकडे परिपाठ पडून गेला आहे. ख्रिस्ती मिशनांच्या बाबतींत तर तो विशेषच दिसून येतो. लेखक मिशनचा मित्र असला तर शाळांची यादी देतो. विरोधक असला तर दुष्काळांत किती माणसें बाटविलीं याचा जाब विचारतो. परंतु ज्या श्रद्धेपायीं हे परदेशी लोक समुद्र ओलांडून आले, आणि जी येथील कांहीं माणसांनीं आप्तांचा वियोग पत्करून स्वीकारली, ती श्रद्धा मुळांत होती तरी काय, हा प्रश्न उभयपक्षीं बाजूसच राहतो. सोलापूर येथील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीच्या निमित्तानें या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ही मंडळी ज्या संस्थेच्या कार्यांतून उदयास आली ती ‘अमेरिकन बोर्ड’ १८१० सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत स्थापन झाली. तिचे चालक मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाचे होते. तिचे पहिले दोन मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. कंपनी सरकारचा रोख तेव्हां मिशनऱ्यांविरुद्ध असल्यामुळें त्यांस परत पाठविण्याचा घाट घातला गेला. पण त्याच वर्षीं पार्लमेंटानें कंपनीस जी नवी सनद दिली तिनें त्यांचा मार्ग मोकळा झाला. १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, मिशनचें ठाणें झालें. पुढें १८६० सालीं लोहमार्ग सोलापुरास पोहोचला, आणि त्याच दशकांत मिशननेंही तेथें आपलें ठाणें दिलें. चार्ल्स हार्डिंग व लॉरिन गेट्स यांचीं नांवें या ठाण्याशीं निगडित आहेत. मेरी हार्डिंग यांनीं लहान मुलांसाठीं तेथें चालविलेली किंडरगार्टन पद्धतीची शाळाही प्रसिद्ध आहे.

या लोकांस ‘इव्हँजेलिकल’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शुभवर्तमानाचे’ असा आहे. अठराव्या शतकांत इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत वेस्ली, व्हाइटफील्ड, जोनाथन एडवर्ड्स इत्यादि उपदेशकांच्या वाणीनें जी धार्मिक जागृति झाली, तिच्यांतून हा प्रवाह निघाला. इंग्रज इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनीं १८८९ नव्हे, तर अगदीं अलीकडे १९८९ सालीं या प्रवाहाचीं चार लक्षणें सांगितलीं, तीं आतां सर्वमान्य झालीं आहेत. बायबल हेंच अंतिम प्रमाण. ख्रिस्ताचा वधस्तंभावरील मृत्यु हा श्रद्धेचा मध्यबिंदु. प्रत्येक माणसाचें स्वतंत्र हृदयपरिवर्तन आवश्यक. आणि लाभलेली श्रद्धा कृतींत व प्रचारांत उतरली पाहिजे. यांना काँग्रिगेशनल पंथानें पांचव्या तत्त्वाची जोड दिली. वर बिशप नाहीं, पोप नाहीं. परस्परांशीं व देवाशीं करार करून एकत्र आलेली स्थानिक मंडळी हीच ख्रिस्ती समाजाचें पूर्ण रूप होय, आणि पाळक निवडण्याचा व सभासद घेण्याचा अधिकार तिचाच.

हीं मतें इंग्रजींत सुबक दिसतात. पण तीं मराठींत आणतांना प्रत्येक शब्दापाशीं अडखळावें लागलें. गॉर्डन हॉल १८२६ सालीं नाशिककडील प्रवासांत पटकीनें वारला, आणि त्याच वर्षीं मिशनचा मराठी नवा करार छापून पूर्ण झाला. तेव्हांपासून मराठी ख्रिस्ती परिभाषेची जी घडण सुरू झाली, तिचा इतिहास म्हणजेच एका अर्थानें या श्रद्धातत्त्वाचा महाराष्ट्रांतील इतिहास होय.

‘नवा जन्म’ हाच शब्द पाहा. इव्हँजेलिकल उपदेशाचा हा पाया. मनुष्यानें केवळ वर्तन सुधारून भागत नाहीं, पवित्र आत्म्याच्या योगानें त्याचें अंतःकरणच नव्यानें घडलें पाहिजे, असा त्याचा आशय. परंतु महाराष्ट्रीय श्रोत्यास जन्म म्हटला कीं चौऱ्यायशीं लक्ष योनि आठवतात. जन्म चुकावा म्हणून तर त्याची सारी धडपड! त्यास दुसऱ्या जन्माचें आमिष दाखविणें म्हणजे ज्या रोगावर औषध हवें तोच रोग देऊं करणें. म्हणून ‘पुनर्जन्म’ हा तयार शब्द कटाक्षानें टाळावा लागला, आणि हा जन्म याच देहांत, एकदांच व्हावयाचा, हें उपदेशकास वारंवार समजावून सांगावें लागलें.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाची अडचण याहून खोल आहे. आमच्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्त ज्याचें पाप त्यानें घ्यावयाचें असतें. कृच्छ्र, चांद्रायण, पंचगव्य हें सर्व पाप करणाऱ्याच्या वांट्यास येतें. ख्रिस्ती मतांत प्रायश्चित्त पापी मनुष्य घेतच नाहीं, तें ख्रिस्तानें त्याच्याऐवजीं घेतलें आहे. शब्द तोच, पण कर्ता बदलला. एकाच्या कर्माचें फळ दुसऱ्यास लागूं शकत नाहीं या समजुतीवर वाढलेल्या समाजास ही गोष्ट न्यायविरुद्ध वाटली तर नवल नाहीं. आमच्या शास्त्री-पंडितांनीं मिशनऱ्यांशीं जे वाद केले, त्यांतील बराचसा भाग या एकाच मुद्द्याभोंवतीं फिरतो, आणि आक्षेप पोरकट नव्हता हें आज मिशनचे चाहतेही मान्य करतील.

‘तारण’ व ‘खंडणी’ या शब्दांचें दैव मात्र वेगळें. तारण म्हणजे उद्धार, हें तर खरेंच. पण सावकाराच्या पेढीवर तारण म्हणजे गहाण ठेविलेला जिन्नस. मराठी बायबलांत ख्रिस्ताच्या मरणास ‘खंडणी’ म्हटलें आहे. तोही शब्द देण्याघेण्याचा व दंडाचा. ज्या काळीं हा उपदेश सोलापूरच्या खेड्यांतून होत होता, त्या काळीं ऋण ही कांहीं उपमा नव्हती. १८७५ च्या दंग्यांनंतर दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं १८७९ सालीं जो कायदा झाला, तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं होता. बापजाद्यांच्या कर्जांत मुलगा जन्मास येतो व त्याच कर्जांत मरतो, हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, त्याला ‘तुझें देणें दुसऱ्यानें फेडलें आहे, दस्तऐवज फाडून टाकला आहे’ या बोलण्याचा अर्थ विद्वानापेक्षां लौकर कळला असला पाहिजे. पंडितास जें अन्यायाचें वाटलें, तेंच कुळास सुटकेचें वाटलें.

‘कृपा’ या शब्दासाठीं तर मिशनऱ्यांस फारसें श्रमच पडले नाहींत. सोलापूर जिल्ह्यांतच पंढरपूर आहे. आपल्या करणीनें नव्हे तर देवाच्या दयेनेंच पतित तरतो, हें वारकऱ्यास मिशनऱ्यानें येऊन शिकवावयास नको होतें. सोलापूर शहरांतही सिद्धरामेश्वराच्या रूपानें बाराव्या शतकांतील शरणांची परंपरा जागती होती, आणि तीही जन्मापेक्षां दीक्षेस मान देणारी. मग भेद उरला तो कोठें? वारकऱ्याचा विठ्ठल क्षमा करतो, कारण तो माउली आहे. इव्हँजेलिकल ख्रिस्त्याचा देव क्षमा करतो, पण क्षमेची किंमत स्वतः मोजून. पहिल्यास दुसऱ्याचा रक्ताचा आग्रह कठोर वाटतो. दुसऱ्यास पहिल्याची क्षमा फार स्वस्त वाटते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला व पुढें त्यांनीं याच मिशनमध्यें काम केलें. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. तथापि सेतु म्हटला कीं त्याला दोन तीर असतात, ही गोष्टही विसरून चालावयाचें नाहीं.

आतां श्रद्धेच्या व्यवहाराकडे वळूं. मंडळींत प्रवेश करणारानें सर्वांसमक्ष उभें राहून आपल्या विश्वासाची साक्ष द्यावयाची, श्रद्धेचीं कलमें मान्य करावयाचीं, आणि मग मंडळीनें त्यास स्वीकारावयाचें, अशी काँग्रिगेशनल रीत आहे. जेथें मनुष्य जातींत जन्मतो व जातींतच मरतो, तेथें धर्म ही एकट्यानें निवडावयाची गोष्ट आहे, हें तत्त्व स्फोटक होतें. हरिपंत खिस्ती यांनीं १८३९ सालीं नगरास व बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं बेळगांवीं बाप्तिस्मा घेतला. असा निर्णय घेणारास घर, वृत्ति व आप्तेष्ट यांवर पाणी सोडावें लागे. पण या प्रदेशांत मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार-मांग समाजांतील कुटुंबांनीं. तेथें एक एक माणूस न येतां घरेंच्या घरें येऊं लागलीं, आणि ‘प्रत्येकाचें स्वतंत्र परिवर्तन’ हें तत्त्व व प्रत्यक्ष यांत ओढाताण सुरू झाली.

दुष्काळाचा प्रश्न येथेंच उद्भवतो. १८७६ ते १८७८ व पुन्हा शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळांनीं सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. अन्न देणाऱ्याचा धर्म घेतला, हा आक्षेप सर्वश्रुत आहे. त्याचें उत्तर मिशनच्या शत्रूंपेक्षां मिशनच्याच श्रद्धातत्त्वानें अधिक कठोरपणें मागितलें आहे. कारण ज्या मतांत अंतःकरणाच्या पालटाशिवाय बाप्तिस्म्यास किंमत नाहीं, त्या मतांत भाकरीसाठीं घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. म्हणूनच उमेदवारास थांबवून ठेवणें, पारखणें, शिकविणें हें मिशनऱ्यांस कर्तव्य वाटे. पण भुकेल्या माणसाच्या मनांतील भूक व श्रद्धा निरनिराळ्या काढून तोलण्याचा कांटा कोणाजवळ असतो? आणि ज्या समाजाला गांवाच्या पाणवठ्यावर उभें राहतां येत नव्हतें, त्याला प्रभुभोजनाच्या वेळीं इतरांबरोबर एकाच प्याल्यास ओठ लावावयास मिळाले, हा लाभ ऐहिक म्हणावा कीं पारमार्थिक? माझ्या मतें येथें तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षां तो प्यालाच अधिक बोलका होता. मात्र हेंही सांगितलें पाहिजे कीं, मंडळी स्वतंत्र हें तत्त्व खरें असलें तरी पैशाची पिशवी दीर्घकाळ मिशनऱ्याच्या हातीं होती, आणि पिशवी ज्याच्या हातीं त्याचें मत जड, हा नियम देवळांतही चुकत नाहीं.

या श्रद्धेची सर्वांत मोठी कसोटी मात्र निराळ्याच प्रश्नावर लागली. ख्रिस्तावरील विश्वासावांचून तारण नाहीं, तर ज्यांच्या कानीं त्याचें नांवही गेलें नाहीं त्या आमच्या वाडवडिलांचें काय? पितरांचें श्राद्ध करणाऱ्या समाजांत हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हता. आपण स्वर्गांत जावें व आई-बापांनीं, आज्या-पणज्यांनीं नरकांत जावें, असें म्हणणारा धर्म कृतघ्न नव्हे काय? जुन्या मताचें उत्तर सरळ व निष्ठुर होतें. त्याला पहिला मोठा धक्का मराठी मिशनच्याच एका माणसानें दिला, हें आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नसतें. रॉबर्ट अॅलन ह्यूम यांचा जन्म १८४७ सालीं मुंबईस झाला. त्यांचे वडीलही याच मिशनमध्यें होते. १८७४ पासून ते अहमदनगरास काम करीत व १८७८ सालीं तेथें निघालेल्या धर्मशिक्षणाच्या शाळेची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांचें स्वतःचें शिक्षण ज्या अँडोव्हरच्या विद्यापीठांत झालें, तेथील कांहीं अध्यापक असें प्रतिपादूं लागले होते कीं, ज्यांना या आयुष्यांत ख्रिस्ताची ओळखच झाली नाहीं, त्यांना मरणोत्तर ती संधि मिळेल अशी आशा बाळगावयास हरकत नाहीं. १८८६ सालीं रजेवर असतांना ह्यूम यांनीं अँडोव्हर येथें या मताविषयीं उघड सहानुभूति दाखविली. बोर्डांत खळबळ उडाली. अशा माणसास हिंदुस्थानांत परत पाठवावें कीं नाहीं यावर वाद माजला. कारण नरकाची भीति गेली तर मिशनांचें प्रयोजनच काय उरलें, असें जुन्यांस वाटत होतें. अखेर १८८७ सालीं ह्यूम यांस परत येण्याची मोकळीक मिळाली, व त्यांनीं पुढें सुमारें चाळीस वर्षें येथें सेवा केली. बोर्डाच्या बैठकींत बहुमत मात्र जुन्या मताकडेच राहिलें. नव्या मताच्या उमेदवारांस कांहीं वर्षें वाट पाहावी लागली.

या प्रकरणाचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. श्रद्धातत्त्वें अमेरिकेंतून येथें आलीं व येथील लोकांनीं तीं मुकाट्यानें घेतलीं, अशी जी समजूत आहे ती अपुरी ठरते. ज्या प्रश्नानें न्यू इंग्लंडमधील विद्वानांस ग्रासलें, तो मिशनच्या प्रत्येक ठाण्यावर श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर रोज लिहिलेला होता, आणि त्याला सामोरें गेलेल्या माणसास जुनें उत्तर पूर्वीच्या सहजतेनें देतां आलें नाहीं.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. १९२४ सालीं काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाला, व २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वांत आला. त्यांत अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट इत्यादि परंपराही मिळाल्या. ज्यांच्या पूर्वजांनीं बिशपास झुगारून समुद्र ओलांडला, त्यांच्या आध्यात्मिक वंशजांनीं बिशप स्वीकारला. बालकांचा बाप्तिस्मा व प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीति एकाच घरांत नांदूं लागल्या. जीं मतें एके काळीं पंथाचा प्राण वाटत होतीं, त्यांतील कांहीं तडजोडीस योग्य ठरलीं. पण शास्त्राचें प्रामाण्य, कृपेनें तारण व वधस्तंभ हीं ठाम राहिलीं. कोणतीं मतें सोडतां आलीं व कोणतीं सोडवलीं नाहींत, हें पाहिलें म्हणजे एखाद्या समाजाची खरी श्रद्धा कोणती होती तें कळतें. छापील कलमांवरून तें तितकेंसें कळत नाहीं. आपल्याकडील इतर संप्रदायांचे इतिहासही कोणी या दृष्टीनें लिहिले, तर मराठी वाङ्मयांतील एक मोठी उणीव भरून निघेल.