एका कलमातली दोन शस्त्रे

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात एक विलक्षण शेजार आढळतो. परवाना कोणाला द्यावा हे सांगताना कायदा पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याचा उल्लेख करतो. त्याच्या लगेच खाली येतो मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद आणि त्याला नेमबाजीच्या सरावासाठी लागणारे शस्त्र.

पहिल्या ओळीतले शस्त्र पाहायचे तर एटापल्ली, भामरागड, सिरोंचाच्या रानात जावे लागते. दुसऱ्या ओळीतले कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या रेंजवर दिसते. कायद्याच्या पुस्तकात या दोहोंत बोटभर अंतर आहे, इतिहासात मात्र दीडशे वर्षांचे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ठासणीच्या बंदुकीला ‘भरमार’ म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वर बोळा, मग छर्रे, सारे गजाने ठासायचे, टोपी बसवायची आणि घोडा ताणायचा. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दारूचे माप हाताच्या अंदाजाचे. एकीची नळी दुसरीसारखी नसते. कोणती डावीकडे फेकते आणि कोणती दमट हवेत दगा देते, हे ती वापरणाऱ्यालाच ठाऊक असते. शस्त्र आपल्या हाताशी जुळवून घेण्याची कला येथे आहे, पण तिची नियमपुस्तिका कोणी लिहिलेली नाही.

हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. ते इतके दिवस टिकले याला जंगलाचे मागासपण हे कारण देण्याची रीत आहे. ती रीत सोयीची आहे, खरी नाही.

२९ एप्रिल १८५८ रोजी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांच्या माणसांनी चिंचगुडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सत्तावनच्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने देशभर शस्त्रांवर निर्बंध घातले आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती झाली. युरोपियनांना सूट मिळाली.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने हा वंशभेद काढून टाकला. पण पिकांच्या राखणीला ठासणीची बंदूक हेच माप ठेवले, आणि ती अपुरी पडते असे अधिकाऱ्याला पटले तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल अशी पुस्ती जोडली. म्हणजे शेतकऱ्याचे तंत्र जिथे थांबले, तिथे ते थांबवण्यात कायद्याचाही हात होता.

आता त्याच कलमातली दुसरी ओळ.

स्पर्धेच्या पिस्तुलाचा इतिहास वाचायचा असेल तर पदकांच्या याद्यांपेक्षा नियमपुस्तिका अधिक बोलकी आहे. तिच्यातल्या बहुतेक मर्यादांच्या मागे कोणीतरी एक हुशार माणूस उभा असतो, ज्याने आधीच्या नियमातली फट शोधली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती दफ्तरासारखी वाचावी.

अगदी पहिल्याच आधुनिक ऑलिंपिकपासून हे सुरू होते. १८९६ मध्ये अथेन्सला जॉन आणि सम्नर पेन हे अमेरिकन बंधू आले. लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत जॉन जिंकला, मुक्त पिस्तुलाच्या स्पर्धेत सम्नर. मात्र २५ मीटरच्या जलद नेमबाजीत त्यांना उतरता आले नाही, कारण त्यांची पिस्तुले ‘नेहमीच्या’ व्यासाची नव्हती. नेहमीचे म्हणजे काय, हा वाद तेव्हापासून संपलेला नाही.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाज एक अजब पिस्तूल घेऊन आले. एरवी नळी मुठीच्या वर असते. गोळी सुटताच धक्का हाताच्या रेषेच्या वरून मागे येतो आणि नळीचे तोंड उसळते. या पिस्तुलाची रचनाच उलटी होती: नळी खाली, हाताच्या रेषेत. धक्का सरळ मनगटात जिरे आणि पुढच्या गोळीसाठी नेम जवळजवळ जागेवरच राही. येव्हगेनी चेर्कासोव्ह याने त्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने ही रचनाच बाद ठरवली. उसळीचे गणित सोव्हिएत कारागिरांनी बरोबर सोडवले होते. अडचण एवढीच की ते फारच बरोबर सुटले होते.

जलद पिस्तुलाच्या प्रकारात त्यानंतरही खास तोकडी, कमी धक्क्याची काडतुसे आणि अतिशय हलके चाप चालत राहिले. २००५ पासून तेही बंद झाले. या प्रकारालाही पॉइंट २२ लाँग रायफल काडतूस आणि किमान १००० ग्रॅमचा चाप लागू झाला, म्हणजे महिलांच्या २५ मीटर पिस्तुलासारखेच मोजमाप. अनेकांची महागडी पिस्तुले एका रात्रीत संग्रहालयात ठेवण्याजोगी झाली.

राही सरनोबत हिचा प्रकार हा २५ मीटरचाच. कोल्हापूरची ही नेमबाज २०१३ मध्ये कोरियातील चांगवन येथे सुवर्ण मिळवून विश्वचषकात सोने जिंकणारी पहिली भारतीय पिस्तूलपटू ठरली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने आणि अनिसा सय्यद हिने दुहेरीचे सुवर्ण घेतले होते. २०१४ मध्ये ग्लासगोला वैयक्तिक सुवर्ण राहीला आणि रौप्य अनिसाला मिळाले.

या प्रकारात पिस्तुलाला काय काय चालते, ते पाहण्यासारखे आहे. वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम. नळी १५३ मिलिमीटरपर्यंत. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर २२० मिलिमीटरपर्यंत. संपूर्ण पिस्तूल ३०० गुणिले १५० गुणिले ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. भिंग किंवा लाल ठिपक्याची साइट चालत नाही. चापाची परीक्षा सर्वांत साधी आणि सर्वांत निष्ठुर असते: नळी उभी धरून चापाला १००० ग्रॅमचे वजन अडकवायचे आणि उचलायचे. घोडा पडला तर पिस्तूल नापास.

या चौकटीच्या आत जुळणीचे सारे शास्त्र सामावलेले आहे. दोन साइटमधले अंतर २२० मिलिमीटर आणि निशाण २५ मीटरवर. पुढची साइट एक मिलिमीटर सरकली तर निशाणावर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे मध्यावरचा नेम पाव मिलिमीटरहूनही कमी ढळला की दहाचा नऊ होतो. हे गणित कळले की नेमबाज साइटच्या खाचेची रुंदी पुन्हा पुन्हा का बदलून पाहतात, हे सांगावे लागत नाही. खाच अरुंद असेल तर अचूकता दिसते, पण घाईत पुढची साइट सापडत नाही. रुंद असेल तर लवकर सापडते, पण चूक लपते.

घाई तर या प्रकारात आहेच. ३० गोळ्या सावकाश, पाच गोळ्यांना पाच मिनिटे. उरलेल्या ३० गोळ्यांना प्रत्येकी ३ सेकंद, मध्ये ७ सेकंदांची विश्रांती, आणि दर वेळी हात ४५ अंशांत खाली. त्या तीन सेकंदांत हात वर येतो, साइट जुळते, चाप सुटतो. म्हणून चाप दोन टप्प्यांचा ठेवतात. हात वर येत असताना पहिला टप्पा बोटाखाली सरकतो, मग एक भिंत लागते, आणि उरलेल्या थोड्या भाराने घोडा पडतो. एकूण भार हजाराच्या खाली जाता कामा नये; पण त्यातला किती पहिल्या टप्प्याला द्यायचा आणि किती दुसऱ्याला, हे ज्याने त्याने ठरवायचे. शहाणा नेमबाज काटा हजाराहून किंचित वर ठेवतो. स्प्रिंगवर भरवसा ठेवून परीक्षेला जाणे हा या खेळातला जुगार आहे.

आणि मूठ. विकत मिळणारी लाकडी मूठ ही केवळ सुरुवात असते. तळव्याच्या पोकळीत पुट्टीचा थर द्यायचा, वाळला की कानशीने आणि पॉलिश पेपरने उतरवायचा, पुन्हा धरून पाहायचे. डोळे मिटून हात उचलावा आणि उघडल्यावर साइट आपोआप जुळलेली दिसावी, इथवर हे काम चालते. मनगटाला आधार देणारी मूठ नियमात बसत नाही. काडतुसांचेही तसेच. एकाच कंपनीच्या दोन खेपा एकाच नळीतून वेगळ्या वागतात, म्हणून पिस्तूल घट्ट बांधून खेपा तपासतात आणि जुळेल ती साठवून ठेवतात. कमजोर काडतुसाने पिस्तुलाची यंत्रणा पूर्ण मागे सरकत नाही आणि ऐन फेरीत ते अडते.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेतील अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नफस्वान यांगपैबून यांचे ३४-३४ असे समसमान गुण झाले. पहिल्या शूट-ऑफमध्ये पुन्हा बरोबरी, चार-चार. दुसऱ्यात राहीचे तीन, प्रतिस्पर्धीचे दोन. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. जिथे अंतिम फेरीत १०.२ च्या खालची गोळी हुकली असेच धरतात, तिथे पाव मिलिमीटरचा हिशेब कागदी राहत नाही.

यंत्र दगा देते तेव्हा काय होते, हे २०२१ मध्ये टोकियोत दिसले. मनू भाकर हिच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीत मिनिटे गेली आणि ती बाराव्या स्थानी राहिली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदके मिळवली, तेव्हा टोकियोची ती मिनिटे पुन्हा आठवली गेली.

याच काळात पिस्तुलाच्या खेळाची एक वेगळी शाखा अमेरिकेत वाढली. स्थिर उभे राहून एका हाताने नेम धरणे हे खऱ्या प्रसंगाशी जुळत नाही, असे जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याचे म्हणणे होते. १९७६ मध्ये मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन स्थापन झाली. कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग हे तिचे ब्रीद. खेळाडू धावतो, आडोशामागून नेम धरतो, आणि मिळालेले गुण लागलेल्या सेकंदांनी भागतात.

हेतू असा की कमरेला रोज बाळगले जाणारे पिस्तूल तपासावे. घडले उलटेच. धक्का वळवण्यासाठी नळीच्या तोंडाला वायू वर फेकणारे तुकडे आले, लाल ठिपक्याच्या साइट आल्या, काडतुसांच्या पेट्या लांबल्या. रोजचे पिस्तूल मैदानातून हद्दपार झाले, आणि मग त्याला परत आणण्यासाठी गट पाडावे लागले. ‘ओपन’मध्ये जवळजवळ सारे चालते. ‘स्टँडर्ड’मध्ये पिस्तूल २२५ गुणिले १५० गुणिले ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. ‘प्रॉडक्शन’मध्ये कारखान्यातून आलेले पिस्तूल, पेटीत १५ गोळ्या आणि पहिल्या गोळीला २.२७ किलोचा चाप, नाहीतर प्रत्येक गोळीला किमान १.३६ किलोचा.

ताकदीलाही माप आहे. गोळीचे ग्रेनमधले वजन आणि फूट-सेकंदातला वेग यांचा गुणाकार करून हजाराने भागायचे. १२४ ग्रेनची गोळी १०५० च्या वेगाने गेली तर १३० येतात. किमान १२५ हवेत, म्हणून ती चालते, पण ‘मायनर’मध्ये. ‘मेजर’ व्हायला स्टँडर्डमध्ये १७० लागतात. मेजरच्या गोळीला कडेच्या भागातही जास्त गुण मिळतात. मायनरला धक्का कमी बसतो. म्हणजे इथे जुळणी पिस्तुलाइतकीच काडतुसाचीही असते.

भारतात या शाखेला फारसे बळ आले नाही, याचे उत्तर पुन्हा शस्त्र कायद्यात सापडते. जगभर या खेळाचा कणा असलेले ९ मिलिमीटरचे काडतूस आपल्याकडे प्रतिबंधित व्यासात मोडते. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. म्हणून आपले पिस्तूलपटू पॉइंट २२ आणि पॉइंट ३२ मध्येच घडले. जसपाल राणा याने १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, ते सेंटर फायर पिस्तुलाने.

९ मिलिमीटरचे पिस्तूल इथे असते ते पोलिसांकडे आणि सैन्याकडे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, १९९० मध्ये त्याच्या पोलीस दलात सी-६० पथक उभे राहिले, आणि अहेरी-भामरागडच्या वाटांवर आडोसा, धाव आणि नेम हा खेळ उरला नाही. कूपर ज्याला ‘प्रॅक्टिकल’ म्हणत होता त्याची परीक्षा तिथे घड्याळ लावून होत नाही, आणि तिथे गटही नसतात.

त्याच वाटांवरच्या गावांतून गेल्या काही वर्षांत लोकांनी भरमार बंदुका आणून पोलिसांकडे जमा केल्या. त्यांतल्या अनेकींना परवाना नव्हता. कोणाच्या आजोबांनी डुकरांना हाकलण्यासाठी ठेवलेली, कोणाकडून माओवाद्यांच्या धाकाने वापरली गेलेली, कोणी केवळ घरात आहे म्हणून जपलेली. त्यांची नोंद होते ती नगांमध्ये. कोणती डावीकडे फेकत होती, कोणत्या नळीला दारू थोडी कमी लागत होती, हे त्या नोंदीत येत नाही.