शिलोत्रीचा मक्ता

मांडव्याहून रेवसला वळसा घालून धरमतरच्या खाडीत शिरले म्हणजे खारजमिनी लागतात. पेण-अलिबागकडील शिलोत्री जमिनींत समुद्राकडील बांध, अर्थात बाहेरकाठा, राखण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सरकार स्वतः करीत नसे. ते शिलोत्रदाराकडे असे. त्याबद्दल कुळाने सरकारी धाऱ्याखेरीज बिघ्यामागे मणभर भात त्यास द्यावयाचा. मोबदला असा ठरलेला. परंतु बांध फुटल्यास नुकसान कोणाचे? बुडे ते पीक कुळाचेच, आणि खारवलेली जमीन पुन्हा गोडी होण्यास काही पावसाळे जात. काम सोपविले म्हणजे जोखीमही सोपविली, हा समज येथे फोल ठरतो. मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागे दुरुस्तीचे हेच दायित्व असावे, असे आम्हांस वाटते.